उंबरठ्यावरच्या कहाण्या

सातारा जिल्ह्याच्या ईशान्येस, बाणगंगेच्या काठी वसलेल्या फलटण गावाचा इतिहास दोन प्रकारांनी सांगता येतो. एक इतिहास सनदांचा, जहागिरीचा, लढायांचा आणि तहांचा आहे, तो दप्तरांतून सापडतो. दुसरा लेकी दिल्याघेतल्याचा आहे आणि तो दप्तरात एखाद्या ओळीपुरताच डोकावतो. निंबाळकरांच्या घरातील दीपाबाई वेरूळच्या मालोजी भोसल्यांना दिली गेली. तिच्या नातवाचे, म्हणजे शिवाजीमहाराजांचे, पहिले लग्न १६४० साली पुण्यात झाले तेही याच निंबाळकरांच्या सईबाईंशी. आणि पुढे सईबाईंची लेक सखुबाई आपल्या मामाच्या, बजाजी निंबाळकरांच्या, महादजी या मुलाला दिली गेल्याने ती फलटणच्याच वाड्यात सून म्हणून आली. तीन पिढ्यांच्या या सोयरिकींनी मराठी राज्याच्या उभारणीस जो आधार दिला त्याची चर्चा इतिहासकारांनी केलेली आहे. परंतु लग्नाच्या वेळी सईबाई सुमारे सात वर्षांच्या होत्या, आणि सात वर्षांच्या त्या मुलीला फलटणहून निघताना तिच्या आईने, आजीने, घरातल्या जुन्या कुळंबिणीने काय सांगून पाठविले असेल, याची नोंद कोणत्याही कारकुनाने केलेली नाही.

ती नोंद दुसरीकडे आहे. आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राखलेल्या कहाण्यांत ती आहे, आणि मला असे वाटते की त्या कहाण्यांकडे आपण फार दिवस चुकीच्या टोकाने पाहत आलो. कोणी त्यांना भाबडी व्रतकथा म्हणून बाजूला सारले, कोणी स्त्रीला दास्य शिकविणारे साधन म्हणून त्यांचा धिक्कार केला. दोन्ही मतांना आधार आहे हे मान्य करूनही, कहाणीच्या शेवटी येणारा उपदेश आणि कहाणीच्या पोटात मुलगी प्रत्यक्ष जे करते ते, यांत जे अंतर आहे त्याकडे या दोन्ही मतांचे लक्ष गेलेले नाही. उपदेश आज्ञेत राहण्याचा असतो. कृती मात्र बहुधा जागे राहण्याची, ओळखण्याची आणि प्रसंगी नाही म्हणण्याची असते.

कहाणी ऐकण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की ही निजताना सांगण्याची गोष्ट नव्हे. श्रावणात पूजा आटोपल्यावर मुठीत अक्षता घेऊन, पाय आवरून, ती ऐकायची असते. सांगणारी मध्येच थांबली तर चालत नाही आणि ऐकणारीने उठून जायचे नसते. फलटणच्या जुन्या वाड्यांत काय, माण-खटावच्या धाब्याच्या घरांत काय, या मांडीला मांडी लावून बसलेल्या मंडळात सासूही असे, नवी सूनही असे, माहेरपणाला आलेली नणंदही असे आणि परकर नेसलेली, अजून लग्न व्हायची असलेली पोरही असे. एकच कथा या चौघी एका वेळी ऐकत, आणि प्रत्येकीला तीत स्वतःची जागा सापडे. ज्या समाजात सुनेने सासूसमोर मान वर करून बोलणे हा अपराध होता, त्या समाजात सुनेच्या छळाची हकीकत सासूला अक्षता हातात घेऊन निमूटपणे ऐकावी लागत होती, ही व्यवस्था ज्या कोण्या अनामिकेने प्रथम बसविली तिच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे.

मंगळागौरीची कहाणी या दृष्टीने सर्वांत श्रीमंत आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. आटपाट नगरातल्या वाण्याला मूल नसते. देवीच्या प्रसादाने जो मुलगा मिळतो तो अल्पायुषी असतो, आणि त्याला मामाबरोबर काशीला धाडले जाते. वाटेत एका गावी मुली खेळत असतात. भांडणात एक दुसरीला वैधव्याची शिवी देते, आणि ती दुसरी ठामपणे सांगते की माझी आई मंगळागौरीचे व्रत करते, आमच्या कुळात कोणी विधवा होत नाही. मामाच्या मनात भाच्याचे लग्न हिच्याशी लावावे असे येते. योग असा की त्याच दिवशी त्या मुलीच्या लग्नाचा नेमलेला नवरदेव आजारी पडतो आणि वेळ निभावून नेण्यासाठी वाटसरू मुलगा उसना वर म्हणून बोहल्यावर उभा राहतो. म्हणजे लग्नाच्या बाजारात मुलीला अंतरपाटापलीकडे कोण उभे आहे हे कळू न देता सौदा पुरा करण्याची जी वहिवाट होती, ती कहाणीने लपविलेली नाही. उलट तिच्यावरच कथेचा पाया घातला आहे.

पुढचा प्रसंग रात्रीचा. गौरीहरापाशी दोघे निजलेली असताना देवी मुलीला दृष्टांत देते की तुझ्या नवऱ्याला दंश करायला साप येईल. त्याच्यापुढे दूध ठेव, जवळ कोरा करा ठेव, साप त्यात शिरला की आपल्या अंगातल्या चोळीने त्याचे तोंड बांध, आणि सकाळी तो करा आईला वाण दे. मुलगी जागी होते आणि सांगितले तसे सर्व करते. नंतर नवऱ्याला भूक लागते तेव्हा त्याला लाडू देते, त्याची अंगठी आपल्यापाशी राहते. पहाटे तो ताट घेऊन निघून जातो. सकाळी आई करा उघडते तो आत सापाऐवजी हार निघतो, आणि तो ती लेकीच्याच गळ्यात घालते. यानंतर मूळ नेमलेला वर समोर आणून उभा केला जातो. सारे घर, सारे गाव, दोन्हीकडचे वडीलधारे तोच तुझा पती म्हणून सांगत असतात, आणि ही एवढीशी मुलगी सर्वांदेखत त्याला नाकारते. खुणेची अंगठी हातात धरून ती आपल्या बापाला अन्नछत्र घालायला लावते; येणाऱ्या प्रत्येक वाटसरूचे पाय ती धुते, आई पाणी घालते, भाऊ गंध लावतो, बाप विडा देतो; आणि एके दिवशी काशीहून परतलेल्या त्या प्रवाशाचे पाय हाती येताच ती त्याला ओळखते. तो लाडवांचे ताट दाखवतो, ती अंगठी.

यातील खुणा वाचायला अवघड नाहीत. परक्या पुरुषाबरोबरच्या पहिल्या रात्रीचे जे भय मुलीला असे, आणि जे कोणी तिच्याशी स्पष्ट शब्दांत बोलत नसे, ते सापाच्या रूपाने दारातून आत येते. त्याला मारायचे नाही, त्याच्यापासून पळायचेही नाही. दूध दाखवून, धीर धरून, आपल्याच चोळीने त्याला बांधायचे. बांधलेले भय आईच्या हातून उघडले जाते तेव्हा त्याचा हार होतो, हे तर मला या कथेचे मर्म वाटते, कारण लग्नानंतरही आईपर्यंत पोहोचण्याची वाट मुलीला मोकळी राहिली पाहिजे हे कहाणीने इतके सहज सांगितले आहे. तिसरी खूण अंगठीची. नवरा कोण हे वडिलांनी, उपाध्यायाने किंवा पंचांनी ठरवायचे नसून पुराव्यावरून मुलीनेच ठरवायचे, आणि साऱ्या घराला तिच्या शब्दासाठी अन्नछत्रात राबायला लावायचे! १८८४ साली रखमाबाईंवर त्यांचा नवरा दादाजी याने मुंबईच्या हायकोर्टात नांदण्याची फिर्याद लावली, आणि लहानपणी लागलेले लग्न आपल्याला मान्य नाही असे त्या धैर्याने सांगत राहिल्या, तेव्हा आपल्या सुशिक्षित समाजाला ते अब्रह्मण्यम् वाटले. परंतु श्रावणातल्या मंगळवारी त्याच समाजातल्या बायका नेमलेल्या वराला नाकारणाऱ्या मुलीची कथा भक्तिभावाने ऐकत होत्या.

नागपंचमीच्या कहाणीत हाच साप निराळ्या नात्याने येतो. माहेर नसलेल्या सुनेला सणाला न्यायला कोणी येत नाही, तेव्हा नागच नातलग होऊन येतो आणि तिला पाताळात नेतो. तिच्या हातून दिवा पडून नागाच्या पिलांची शेपटे भाजतात. तरीही त्या शेपूटतुटक्या भावांसाठी ती मनापासून क्षेम चिंतिते आणि त्यामुळे वाचते. सासरी ज्या मुलीच्या पाठीशी कोणी उभे नाही तिचे काय होते हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनीच ही कथा रचली असली पाहिजे. भोंडल्यात, आमच्याकडच्या बोलीत हादग्यात, माहेरी जाण्याची परवानगी सासूकडून सासऱ्याकडे, सासऱ्याकडून दिराकडे अशी टोलवली जाते तिचे मूळही याच दुःखात आहे.

सगळ्याच कहाण्या मला सारख्या प्रिय आहेत असे मात्र नाही. शिवामुठीच्या कहाणीत नावडत्या सुनेला उष्टेमाष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र आणि गुराढोरांचा गोठा मिळतो. नागकन्यांकडून ती वसा घेते, सोमवारी मूठमूठ धान्य वाहते, आणि तिच्या भक्तीने रानात सोन्याचे देऊळ उभे राहते, ज्याच्या खुंटीवर सासरा आपले पागोटे विसरतो. परतून पाहावे तर देऊळ अदृश्य होऊन एक लहानसे देवालय, आणि त्यात तिची पूजा व सासऱ्याचे पागोटे. पागोटे म्हणजे घराची प्रतिष्ठा, आणि ती सुनेच्या देवापाशी विसरली जावी, ही कल्पना सुंदर आहे. परंतु शेवटी तिला मिळते ते काय, तर ज्यांनी छळले त्यांनाच ती आवडती होते. छळणाऱ्यांना कोणी काही विचारीत नाही. मुलींच्या मनावर या एका समाप्तीने जो परिणाम केला असेल, मी सोसले की सारे गोड होईल या आशेवर किती जणींनी आयुष्ये काढली असतील, त्याचा हिशेब कहाणीच्या बाजूने मांडता येत नाही. वैधव्याला पातकाचे फळ मानणाऱ्या कथांबद्दलही माझे मत हेच आहे. त्या तशाच्या तशा आजच्या मुलीपुढे ठेवू नयेत.

याउलट शीतळासप्तमीची कहाणी कठोर असूनही सांगितलीच पाहिजे, आणि फलटण-माणच्या मुलुखात तर विशेषच. राजा तळे बांधतो, पण त्याला पाणी लागत नाही. जलदेवता सुनेच्या मुलाचा बळी मागतात. सासरा सुनेला काही न कळू देता माहेरी धाडतो, आणि ती नसताना तिच्या मुलाला तळ्यात ठेवून देतो, तळे भरते. सून माहेराहून परत येताना वाटेत ते भरलेले तळे पाहते, तिला आपला सप्तमीचा वसा आठवतो, ती पूजा करते आणि देवतांकडे आपल्या कुळात कोणी बुडाले असेल तर परत द्या असे मागते. मागे वळताच पाण्यातून तिचे मूल तिचे पाय धरते. शिंगणापूरच्या डोंगराखाली ज्यांनी दुष्काळ काढले, ज्यांच्या लेकी-सुनांनी हंड्यामागे कोस कोस तुडविले, त्यांना ही पाण्याची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. परंतु सार्वजनिक हिताच्या नावाखाली घरात जो निर्णय होतो तो सर्वांत दुबळ्या माणसाला न विचारता, तिला माहेरच्या निमित्ताने दूर पाठवून होतो, हे त्या कथेने ज्या शांतपणे सांगितले आहे ते अंगावर येते.

कन्नड मुलुखात हीच कथा अधिक दारुण होते. ‘केरेगे हार’ या तिथल्या प्रसिद्ध लोकगीतात तळ्याला पाणी यावे म्हणून धाकटी सून भागीरथी हिचाच बळी ठरतो. ती माहेरी जाऊन येते, कोणापाशी धड बोलत नाही, आणि स्वतःच्या पायांनी तळ्याच्या पायऱ्या उतरते. मोहिमेवरून परतलेला तिचा नवरा त्याच तळ्यात उडी घेतो. बाल्कन देशांत स्कादरचा किल्ला उभा राहीना म्हणून धाकट्या भावाच्या बायकोला भिंतीत चिणल्याचे सर्बियन गीत वूक कराजिच याने एकोणिसाव्या शतकात टिपून ठेवले. इतक्या दूरदूरच्या प्रदेशांतल्या स्त्रियांना आपापल्या सासरच्या वास्तूच्या पायाखाली एक सून दिसावी, आणि मराठी कहाणीने मात्र ते मूल आईच्या पायांशी परत आणून द्यावे, हा फरक मला लहान वाटत नाही.

शिंगणापूरचा उल्लेख आला म्हणून सांगतो. फलटणच्या आग्नेयेकडील त्या शिखरावर शंभू महादेवाचे ठाणे आहे. भोसल्यांचे ते कुलदैवत, आणि तिथला तलाव मालोजींनी बांधविला. चैत्रात तिथे शिवपार्वतीचे लग्न लागते. पंचमीला हळद, अष्टमीला विवाह, आणि शंभूच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत कापडाचा लांबच लांब ध्वज बांधला जातो. द्वादशीला कावडी मुंगी घाटाने चढतात. या लग्नाला वऱ्हाडी म्हणून जे लक्षावधी कुणबी, धनगर, माळी लोक येतात त्यांच्या गाण्यांतली पार्वती पुराणातल्या तपस्विनीहून निराळी आहे. ती नवऱ्याशी सारीपाट खेळते आणि जिंकते. हरलेला महादेव रुसून रानात निघून जातो. मग ती भिल्लीण होऊन त्याच्यासमोर नाचत येते आणि त्याला भुलवून घरी आणते. बायको जिंकली म्हणून नवरा रुसावा ही गोष्ट संसारात रोज घडते, पण देवाच्या नावाने ती उघड गाता आल्यामुळे कितीतरी घरांत तिच्यावर हसणे शक्य झाले असेल.

आणखी एक विवाहकथा खुद्द फलटण गावची आहे. महानुभाव पंथ ज्यांना अवतार मानतो त्या पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी यांचा जन्म फलटणचा, म्हणूनच तो पंथ या गावाला तीर्थ मानतो. परंपरा सांगते की पर्वदिनी पत्नी कमळाइसेने देहसंगाचा आग्रह धरला, त्याने विरक्ती येऊन चक्रपाणी घर सोडून माहूरकडे गेले. पुढची कथा त्यांची आहे. कमळाइसेचे काय झाले, ती त्या घरात किती वर्षे राहिली, तिला लोकांनी काय म्हटले, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही. श्रद्धावंतांच्या भावनेला यत्किंचितही धक्का न लावता मला एवढेच म्हणायचे आहे की घर सोडून गेलेल्याची कथा जितक्या आदराने जपली जाते, तितक्याच आदराने मागे राहिलेल्या स्त्रीची कथा जपणारी परंपराही आपल्याकडे असायला हवी होती. त्याच पंथाच्या महदाइसेने तेराव्या शतकात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यासाठी ‘धवळे’ रचले, आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो, हे ध्यानात घेतले म्हणजे थोडे समाधान होते. कारण त्या धवळ्यांत रुक्मिणी आहे, आणि रुक्मिणी ही भावाने ठरविलेला वर नाकारून स्वतः पत्र धाडणारी वधू आहे. तीनशे वर्षांनी एकनाथांनी ‘रुक्मिणी स्वयंवर’ लिहिले आणि उपवर मुलींनी चांगला नवरा मिळावा म्हणून त्याचे पारायण करण्याचा प्रघात पडला. पारायणाला बसविणाऱ्या आयांना त्या पत्राचा अर्थ कळत नव्हता असे समजणे म्हणजे आपल्याच पूर्वजांना कमी लेखणे होय.

हे धन गोळा करणाऱ्यांचे ऋण सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. १८६८ साली मेरी फ्रियरने ‘ओल्ड डेक्कन डेज’ प्रसिद्ध केले, त्यातील कथा तिने आपली आया अ‍ॅना लिबराता डिसूझा हिच्या तोंडून दक्षिण मराठा मुलुखातल्या प्रवासात ऐकल्या होत्या. साताऱ्याच्या पारसनिसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या किंकेडने १९१४ मध्ये श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत नेल्या. परंतु खरे काम आपल्या बायांनी केले. सांगली जिल्ह्यातील बागणीत १९२० साली जन्मलेल्या सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे खेड्यापाड्यांतून ओव्या, उखाणे, कथा मिळवून खंडच्या खंड छापले. दुर्गाबाई भागवतांनी या अभ्यासाला शास्त्राची शिस्त दिली. सांगलीच्या तारा भवाळकरांनी लोकपरंपरेतल्या स्त्रीच्या मनाचा जो शोध घेतला त्याचे मोल २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले. आणि इरावती कर्व्यांनी नात्यागोत्यांची व्यवस्था अभ्यासताना दक्षिणेत मुलगी आत्याच्या किंवा मामाच्या घरी, म्हणजे ओळखीच्या उंबऱ्यात, जाते आणि उत्तरेत अगदी परक्या गावी, हा जो भेद दाखविला त्यावाचून या कथांतले सासर-माहेरचे ताण नीट उलगडत नाहीत. फलटणच्या वाड्याने दिलेल्या-घेतलेल्या सोयरिकी त्या सिद्धांताचे उदाहरणच म्हणाव्यात.

इरावतीबाईंचे फलटणशी नाते पुस्तकी नव्हते. त्यांची कन्या जाई निंबकर लग्नाने फलटणला आल्या आणि इथेच लिहीत राहिल्या. दुसरी कन्या गौरी देशपांडे जवळच्या विंचुर्णी गावी राहिल्या आणि ‘विंचुर्णीचे धडे’ हे पुस्तक त्यांनी त्या वास्तव्यावर लिहिले. विवाहाच्या चौकटीबाहेर पाऊल टाकणाऱ्या नायिका मराठीत आणणाऱ्या याच लेखिकेने बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चे प्रचंड भाषांतर मराठीत केले, ही गोष्ट या लेखाच्या विषयाला फार जवळची आहे, कारण रोज रात्री नवऱ्याला गोष्ट सांगून आपला जीव आणि आपल्यामागून येणाऱ्या मुलींचे जीव वाचविणारी शहरजाद ही जगातल्या सर्व कहाणी सांगणाऱ्या बायकांची थोरली बहीण आहे.

ए. के. रामानुजन यांनी कानडी कथांवरून असे दाखविले आहे की ज्या कथांचा नायक पुरुष असतो त्यांचा शेवट लग्नाने होतो, आणि ज्या कथा स्त्रीविषयी असून स्त्रियाच सांगतात त्यांत लग्न बहुधा आरंभी येते, संकटे त्यानंतर. लंडनमध्ये १७५६ साली फ्रेंच लेखिका बोमों बाईंनी ‘सुंदरी आणि पशू’ ही कथा आपल्या शिष्यिणींसाठी लिहिली, तीही ठरविलेल्या लग्नाला सामोऱ्या जाणाऱ्या मुलींचे भय शमविण्यासाठी होती असे अभ्यासक मानतात. परंतु तिथे पशूचा राजपुत्र झाला की कथा संपते. आमच्या वाण्याच्या सुनेची कथा साप बांधल्यावर सुरू होते.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय किमान चौदा ठरविले, १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. ज्या सात-आठ वर्षांच्या मुलीसाठी या कहाण्या रचल्या होत्या ती कायद्याने आता बोहल्यावर उभी राहू शकत नाही, आणि तिच्यामागे कहाण्याही सरत चालल्या आहेत. फलटण-बारामतीकडच्या मंगल कार्यालयांत श्रावणात मंगळागौरीचे खेळ आता स्पर्धा म्हणून होतात. फुगड्या, झिम्मा, पिंगा यांना टाळ्या पडतात, संच ठरवून बोलावले जातात, रात्री जागतात. ते पाहून आनंद होतो. पण पूजेनंतरची कहाणी वेळ नाही म्हणून थोडक्यात आटोपली जाते, आणि छापील पुस्तिकेतून घाईने वाचणारी बहुधा साप आणि हार ठेवते, नेमलेल्या वराला नाकारण्याचा भाग गाळते. माझी विनंती एवढीच आहे की वेळ कमी असेल तर कहाणीच्या आरंभीचा गोसाव्याचा शाप गाळा, निळ्या घोड्यावरचा प्रवास गाळा, काशीची वाट गाळा. परंतु सकाळी सर्वांच्या देखत ती मुलगी जे बोलली ते पुरते वाचा, आणि मग ऐकणाऱ्या मुलींना विचारा की तिच्या जागी त्यांनी काय पुरावा हातात धरला असता.